चाळिशीतलं दहावीचं विज्ञान

‘तानापिहिनिपाजा’ म्हणजे काय, हे मराठी शाळेत शिकलेल्या साठीच्या माणसालाही सांगावं लागत नाही. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. वर्गात घोकलेली ही रांग इतक्या वर्षांनंतरही जशीच्या तशी बाहेर येते. त्याच माणसाला विचारावं, की इंद्रधनुष्यात तांबडा रंग बाहेरच्या कडेला असतो की आतल्या? संध्याकाळी पाचला इंद्रधनुष्य शोधायचं तर तोंड कोणत्या दिशेला करायचं? आणि श्रावणात भर दुपारी ऊन-पाऊस दोन्ही असूनही ते का दिसत नाही? इथे गाडी अडखळते. बहुतेक जण हसून सांगतात, ‘शाळा सुटून जमाना झाला, आता कुठलं आठवायला!’

वास्तविक यात आठवायचं असं थोडंच आहे. सूर्य पाठीशी ठेवून उभं राहिलं की समोरच्या थेंबांत शिरून परतलेला प्रकाश आपल्याकडे येतो. तांबडा येतो सुमारे 42 अंशांच्या कोनातून, जांभळा त्याहून थोड्या कमी कोनातून. म्हणून तांबडा बाहेर, जांभळा आत. संध्याकाळी सूर्य पश्चिमेला, म्हणून धनुष्य पूर्वेला. सूर्य 42 अंशांपेक्षा वर चढला की अख्खी कमान क्षितिजाखाली जाते, आणि श्रावणातल्या दुपारी महाराष्ट्रात तो त्याहून बराच वर असतो.

मोठ्या माणसांना शाळेतलं विज्ञान कितपत आठवतं, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. ‘फारसं आठवत नाही’ असं उत्तर देऊन पाच मिनिटांत सभा संपवता आली असती. पण गेल्या चाळीसेक वर्षांत या प्रश्नावर जे काम झालं आहे ते वाचल्यावर दोष एकट्या स्मरणशक्तीवर टाकता येत नाही. विसरायला आधी ती गोष्ट मनात बसलेली असावी लागते. शाळेतल्या विज्ञानाचा बराच मोठा भाग मनात कधी बसलेलाच नसतो. जे बसलेलं असतं ते शाळेच्या आधीचं, लहानपणी स्वतःच जमवलेलं.

1987 साली अमेरिकेत ‘अ प्रायव्हेट युनिव्हर्स’ नावाचा एक छोटा माहितीपट निघाला. हार्वर्ड-स्मिथसोनियन खगोलभौतिकी केंद्रातल्या मॅथ्यू श्नेप्स आणि फिलिप सॅडलर यांनी तो केला. हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदानाचा दिवस, झगे घातलेले नवे पदवीधर, आणि कॅमेऱ्यासमोर दोन साधे प्रश्न: उन्हाळा-हिवाळा का होतो, आणि चंद्राच्या कला का दिसतात? विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक मिळून 23 जणांना विचारलं. 21 जणांच्या उत्तरात घोळ निघाला. ऋतूंबद्दलचं लाडकं उत्तर असं, की पृथ्वी उन्हाळ्यात सूर्याजवळ येते आणि हिवाळ्यात लांब जाते. हे उत्तर देताना कोणी चाचरत नाही, हे त्या फिल्ममधलं सगळ्यात पाहण्यासारखं. न येणारा प्रश्न टाळणारा माणूस वेगळा दिसतो. हे लोक उत्तर येत असल्यासारखे बोलतात.

आता आकडे पाहू. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे 14 कोटी 71 लाख किलोमीटरवर. जुलैच्या सुरुवातीला ती सर्वांत दूर असते, सुमारे 15 कोटी 21 लाख किलोमीटरवर. निफाडला पारा उतरतो, द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात, त्याच दिवसांत पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि तिला जुलैपेक्षा जवळजवळ 7 टक्के जास्त ऊर्जा मिळत असते.

या उत्तराविरुद्धचा पुरावा आपल्यापैकी अनेकांच्या डोक्यात आधीपासून पडून आहे, हे आणखी गमतीचं. 26 डिसेंबरला मेलबर्नची कसोटी पाहायला लोक पहाटे पाचला उठतात. अंगावर रजई, हातात चहा. आणि पडद्यावरचे प्रेक्षक हाफपँटमध्ये, नाकाला मलम फासून उन्हात बसलेले. एकाच दिवशी, एकाच पृथ्वीवर. अंतरामुळे ऋतू होत असते तर दोन्हीकडे एकच ऋतू हवा होता. क्रिकेट शौकिनाला ऑस्ट्रेलियातला उन्हाळा ठाऊक असतो आणि शाळेत शिकलेला 23.5 अंशांचा कललेला आसही ठाऊक असतो. या दोन गोष्टींची गाठ कधी पडलेली नसते, इतकंच.

महाराष्ट्रातल्या माणसाची मात्र एक रास्त अडचण आहे. आस कलल्यामुळे उत्तर गोलार्धात जून ते ऑगस्ट उन्हाळा, असं पुस्तक सांगतं. इथे तेव्हा छत्र्या उघडलेल्या असतात. वर्षातला सर्वांत मोठा दिवस 21 जूनच्या सुमाराला येतो, मुंबईत तो सव्वातेरा तासांचा असतो, आणि बहुधा ढगांत जातो. आपला खरा उन्हाळा एप्रिल-मेमध्ये, कारण मोसमी पाऊस येऊन पुढचा उन्हाळा कापून टाकतो. लंडनच्या मुलाला पुस्तकातलं स्पष्टीकरण आणि खिडकीबाहेरचं हवामान जुळताना दिसतं. साताऱ्याच्या मुलाला मध्ये ढगांचं एक वाक्य जोडून द्यावं लागतं. ते वाक्य किती वर्गांत जोडलं जातं, याची शंकाच आहे.

तीच गत ‘दुपारी बाराला सूर्य डोक्यावर’ची. हे इतकं अंगवळणी पडलेलं आहे की रोजच तसं होतं असं शिकलेले लोकही धरून चालतात. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो वर्षातून फक्त दोनदा. पुण्यात मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला. मुंबईत एक-दोन दिवस पुढेमागे. तेही घड्याळात बारा वाजता नाही. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखावृत्तावरची, आणि मुंबई त्याच्या जवळजवळ दहा अंश पश्चिमेला, म्हणून मे महिन्यात तिथे खरी मध्यान्ह साडेबारा उलटून पाच मिनिटांनी होते. हौशी आकाशनिरीक्षक हल्ली ‘शून्य सावली दिवस’ साजरा करतात. शाळेच्या पटांगणात उभा पाइप ठेवतात, मुलं घोळका करून बसतात, आणि पाइपची सावली आकसत आकसत त्याच्या बुडाखाली नाहीशी होते. जुलैमधला दुसरा दिवस पावसामुळे हुकतो, म्हणून सगळी धामधूम मेमध्ये, म्हणजे नेमकी शाळांना सुट्टी असताना.

मोठ्यांच्या विज्ञानाची पाहणी करण्याची प्रथाही जुनी आहे. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या अहवालांमध्ये ठरलेल्या काही प्रश्नांची उत्तरं वर्षानुवर्षं नोंदवली जातात. 2012च्या पाहणीत ‘पृथ्वी सूर्याभोवती फिरते की सूर्य पृथ्वीभोवती’ याचं बरोबर उत्तर 74 टक्के अमेरिकनांनी दिलं. वर्तमानपत्रांनी उरलेल्या 26 टक्क्यांची यथेच्छ टिंगल केली. त्याच अहवालातल्या तुलनेच्या तक्त्यात भारताचा 2004 सालचा आकडा 70 टक्के आहे आणि युरोपीय संघाचा 2005 सालचा 66 टक्के. म्हणजे हसणाऱ्यांनी जरा बेतानं हसावं. ‘प्रतिजैविकं विषाणूंनाही मारतात’ हे विधान चूक आहे असं सांगू शकणारे अमेरिकेत 51 टक्के होते, भारतात 39.

या आकड्यांवर फार विसंबू नये, असं प्रस्तुत वक्त्याचं मत आहे. दोनच पर्याय असलेल्या प्रश्नात छापा-काटा करूनही निम्मी उत्तरं बरोबर येतात. समजा अर्ध्या लोकांना खरंच माहीत आहे आणि अर्धे अंदाजानं बोलत आहेत; तरी बरोबर उत्तरं 75 टक्के दिसतील. आणि ज्यांना ‘माहीत आहे’ त्यांना तरी काय माहीत आहे? पृथ्वी फिरते कशावरून, असं विचारलं तर पदवीधरांचं संमेलनही गप्प बसेल. त्यात लाजण्यासारखंही काही नाही. कोपर्निकसचं पुस्तक 1543चं. पृथ्वी खरोखर फिरते याचा पहिला थेट पुरावा जेम्स ब्रॅडलीनं ताऱ्यांच्या प्रकाशाच्या बारीक विचलनातून 1729 मध्ये दिला, आणि ताऱ्याचा पराशय, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्यामुळे ताऱ्याच्या जागेत दिसणारा बारीक फरक, बेसेलनं मोजून जाहीर केला तो 1838 मध्ये. मधली दोन-तीन शतकं भले भले विद्वान वाद घालत होते. आपण ती सगळी शतकं दुसरी-तिसरीच्या एका वाक्यात ओलांडतो आणि मुलांकडून ते वाक्य परत घेतो.

मुलाच्या डोक्यात मात्र त्या वाक्याच्या आधीपासून काहीतरी असतं. सूर्य उगवतो, चढतो, मावळतो. जमीन हलत नाही. अँड्र्यू श्टुलमन आणि जोशुआ वाल्कार्सेल या मानसशास्त्रज्ञांनी 2012 मध्ये 150 महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुढे 200 विधानं ठेवली आणि प्रत्येकाला झटपट खरं-खोटं सांगायला लावलं. ‘चंद्र पृथ्वीभोवती फिरतो’ हे विधान डोळ्यांनाही पटतं आणि विज्ञानालाही. ‘पृथ्वी सूर्याभोवती फिरते’ हे फक्त विज्ञानाला पटतं. दुसऱ्या प्रकारच्या विधानांना विद्यार्थ्यांनी जास्त वेळ घेतला आणि त्यांत चुकाही जास्त केल्या. उत्तर माहीत असूनही आधी जुन्या समजुतीला मागे सारावं लागत होतं.

आपण विद्यार्थ्यांची गोष्ट म्हणून हे सोडून दिलं असतं. पण त्याआधी, 2009 मध्ये, जीवशास्त्राच्या प्राध्यापकांवर असाच प्रयोग झाला होता. पडद्यावर शब्द येतो, ते सजीव आहे की नाही एवढंच सांगायचं. प्राणी असेल तर चटकन उत्तर. वनस्पती असेल तर आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलेल्या माणसांनाही क्षणभर जास्त वेळ लागत होता. लहान मुलाला हलतं ते जिवंत वाटतं, त्याची सावली तिथे अजून पडलेली. 2013 मध्ये डेबोरा केलेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नामांकित विद्यापीठांतल्या भौतिक विज्ञानांच्या संशोधकांना घाईत उत्तरं द्यायला लावली, तर सृष्टीतल्या गोष्टी कशासाठी तरी बनल्या आहेत अशा धर्तीची चुकीची विधानंही त्यांनी जास्त प्रमाणात मान्य केली. केलेमन यांचाच सहभाग असलेलं 2007चं एक काम अल्झायमर झालेल्या वृद्धांवरचं आहे. पाऊस का असतो? तर झाडांना आणि प्राण्यांना पाणी मिळावं म्हणून, या लहान मुलांच्या उत्तराकडे ते रुग्ण पुन्हा वळत होते. शाळेनं दिलेला चुन्याचा हात उडाला आणि खालची जुनी भिंत दिसू लागली.

हे सगळं शिक्षकांना अगदीच अनोळखी नाही. हार्वर्डचे भौतिकीचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी 1990च्या सुमाराला आपल्या वर्गाला बल आणि गती यांवरचे काही सोपे, आकडेमोड नसलेले प्रश्न दिले. अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठातल्या डेव्हिड हेस्टेनेस यांच्या गटानं ही चाचणी बसवली होती. माझुर लोकप्रिय शिक्षक होते, त्यांचे विद्यार्थी अवघड गणितं सहज सोडवत. चाचणी सुरू असताना एका विद्यार्थिनीनं विचारलं, की उत्तरं तुम्ही शिकवलंत तसं लिहू की मी एरवी विचार करते तसं? या प्रश्नानं माझुर यांची शिकवण्याची पद्धतच बदलली. त्यानंतर त्यांनी व्याख्यान तोडून, विद्यार्थ्यांना शेजाऱ्याशी वाद घालायला लावण्याची रीत काढली. (व्याख्यानमालेत हे सांगणं किंचित धोक्याचं आहे, याची जाणीव आहे.)

त्या चाचणीतल्या प्रश्नांचा एक नमुना द्रुतगती मार्गावरचा समजा. मालानं भरलेला ट्रक आणि एक छोटी मोटार समोरासमोर धडकले. कोणी कोणावर जास्त बल लावलं? न्यूटनचा तिसरा नियम शब्दशः म्हणून दाखवणारी माणसंही ट्रकचं नाव घेतात. बल दोन्हीकडे सारखंच असतं. मोटारीचं वस्तुमान कमी, म्हणून तिचा वेग एका झटक्यात जास्त बदलतो आणि चुरा तिचा होतो. ‘क्रिया आणि प्रतिक्रिया समान’ हे पाठ असतं, पण ट्रकसमोर उभं राहून कोणी ते कधी वापरलेलं नसतं.

उलट वापरात असलेलं विज्ञान शब्दांत न येताही टिकतं. दादरला थांबत आलेल्या लोकलमधून उतरणारा जुना प्रवासी पाय फलाटावर टाकताना अंग किंचित मागे झुकवतो आणि गाडीच्या दिशेनं चार पावलं धावतो. हे करू नये, रेल्वे रोज ओरडून सांगते. पण जडत्व म्हणजे काय हे त्या पावलांना नेमकं कळलेलं असतं. त्यालाच कागद-पेन्सिल देऊन विचारा, की चालता चालता हातातला चेंडू सोडला तर तो कुठे पडेल? मायकेल मॅक्लोस्की यांनी 1980च्या दशकात अमेरिकन विद्यार्थ्यांना हा प्रश्न विचारला तेव्हा जवळपास निम्म्यांनी चेंडू सोडल्या जागी सरळ खाली पडेल असं सांगितलं. तो चालणाऱ्याबरोबर पुढे जात जात पडतो. फलाटावरच्या चार पावलांचं कारणही तेच.

आणखी एक प्रश्न आपल्या मातीतला आहे, आणि त्याचं उत्तर मातीत नाही. कोल्हापूर किंवा अहिल्यानगरच्या रानात बारा-चौदा महिन्यांत माणसाच्या दुप्पट उंचीचा ऊस उभा राहतो. हे वजन आलं कुठून? खतातून, पाण्यातून, काळ्या मातीतून, अशी उत्तरं शेतकरीही देतो आणि बी.कॉम. झालेला त्याचा मुलगाही. पाण्याचं उत्तर बरंचसं बरोबर आहे, कारण उसाचं सुमारे 70 टक्के वजन पाण्याचं असतं. पण कारखाना पाणी विकत नाही, साखर विकतो.

ही शंका जुनी आहे. फ्लँडर्समधल्या यान बाप्टिस्ट फान हेल्मोंट यानं सतराव्या शतकात एका कुंडीत 200 पौंड वाळवलेली माती भरली आणि 5 पौंडांचं वाळुंजाचं रोप लावलं. पाच वर्षं फक्त पाणी घातलं. मग झाड उपटून तोललं तर 169 पौंड भरलं. माती पुन्हा वाळवून तोलली, तर जेमतेम 2 औंस कमी झालेली. म्हणजे माती झाड होत नाही, हे पक्कं झालं. त्यानं निष्कर्ष काढला की झाड पाण्याचं बनतं. हा वृत्तांत त्याच्या मृत्यूनंतर, 1648 साली छापला गेला. गंमत अशी की कोळसा जळताना निघणारा वायू, म्हणजे आजचा कार्बन डायऑक्साइड, वेगळा ओळखून त्याला नाव देणारा माणूस हाच. उत्तर त्याच्या दुसऱ्या खिशात होतं.

साखरेचं सूत्र दहावीनंतर अनेकांना पाठ असतं: कार्बनचे 12 अणू, हायड्रोजनचे 22, ऑक्सिजनचे 11. वजन करायला बसलं तर साखरेत सुमारे 42 टक्के कार्बन निघतो. एक टन उसाची साधारण 100 किलो साखर धरली तर तिच्यातले 42 किलो कार्बन पानांवरच्या पर्णरंध्रांतून, हवेतून आत आलेले असतात. ऑक्सिजनही त्याच कार्बन डायऑक्साइडमधला. हवेत हा वायू 0.04 टक्क्यांच्या आसपास आहे, त्यातून ऊस हे वेचून घेतो. हायड्रोजन पाण्यातला. युरियातला नत्र साखरेच्या रेणूत औषधालाही सापडत नाही. नत्राशिवाय पान हिरवं होणार नाही, म्हणून खत लागतंच. पण गाडीत भरून कारखान्याला जाते ती मुख्यतः हवा आणि पाणी. 1997च्या ‘माइंड्स ऑफ अवर ओन’ या माहितीपटात नामांकित अमेरिकन विद्यापीठांच्या पदवीधरांना एक बी आणि एक लाकडाचा ओंडका दाखवून हेच विचारलं होतं. प्रकाशसंश्लेषण त्यांनाही शिकवलेलं होतं. हवेला वजन असतं आणि ती लाकूड होऊ शकते, हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं.

इथपर्यंत कोणी म्हणेल, न कळल्यानं बिघडलं काय? ऊस तर येतोच. बहुतेक वेळा काही बिघडत नाही, हे मान्य करायला हवं. बिघडतं ते अवचित.

18 ऑगस्ट 2006, शुक्रवार. माहीमच्या समुद्राचं पाणी गोड झालं, अशी बातमी मुंबईत पसरली. रात्रभर लोक किनाऱ्यावर येत राहिले. प्लास्टिकच्या बाटल्या भरून नेल्या गेल्या, लहान मुलांना पाजलं गेलं. महापालिका ते पाणी पिऊ नका म्हणून विनवत होती. माहीमच्या खाडीत मिठी नदी येते, आणि मिठीतून काय काय येतं हे मुंबईकराला सांगायला नको. ऑगस्टच्या पावसात नदीतून गोड्या पाण्याचा लोंढा आला की ते पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यानं काही काळ वरच्या थरात तरंगत राहतं. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, त्यानं घनता दोन-तीन टक्क्यांनी वाढते, आणि एवढा फरक पुरतो. साध्या पाण्यात बुडणारं अंडं मिठाच्या पाण्यात तरंगतं, हा प्रयोग त्या गर्दीतल्या अनेकांनी शाळेत पाहिलेला असणार. दोन-तीन दिवसांतच देवळांतल्या मूर्ती दूध पिऊ लागल्याची बातमी आली. 21 सप्टेंबर 1995ला हेच देशभर झालं होतं आणि पृष्ठताण, केशाकर्षण हे शब्द त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचले होते. अकरा वर्षांत ते परत गेले.

त्या गर्दीला अडाणी म्हणणं सोपं आहे आणि चूक आहे. घनता या नावाचं जे काही शिकवलं गेलं ते वस्तुमान भागिले आकारमान, एकक, दोन उदाहरणं, चार गुण, अशा रूपात. किनाऱ्यावर कोणी ‘घनतेची व्याख्या लिहा’ असं विचारलं असतं तर बऱ्याच जणांनी लिहिली असती.

याहून गंभीर प्रकरण मुलगा-मुलगीचं. मूल मुलगा होणार की मुलगी हे वडिलांच्या गुणसूत्रावर ठरतं, हे त्या पाहण्यांमधलं एक ठरलेलं विधान आहे. अमेरिकेत 2012 मध्ये ते 63 टक्क्यांना माहीत होतं, भारतात 2004 मध्ये 38 टक्क्यांना. आईकडून नेहमी एक्स येतं, वडिलांकडून एक्स किंवा वाय. 1905 मध्ये नेटी स्टीव्हन्स यांनी पिठातल्या किड्यांवर काम करताना हे लहानसं वाय गुणसूत्र ओळखलं. शाळेच्या पुस्तकात त्याची आकृती असते, बाण असतात. आणि त्या आकृतीवर गुण मिळवलेल्या घरांतही तिसरी मुलगी झाली की बोल सुनेला लागतो. निदान हा एक बोल तरी पुस्तकातल्या अर्ध्या पानानं थांबायला हवा होता.

पण विज्ञान कळलं की सगळं सुधारलं असतं, असंही समजू नये. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानं 1988 मध्ये केला. तरी राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुलींची संख्या 2001च्या जनगणनेत 913 होती आणि 2011च्या जनगणनेत 894. सोनोग्राफीच्या यंत्रापाशी बसून बेकायदा निदान सांगणाऱ्यांना गुणसूत्रांचा धडा आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त चांगला येत होता.

आता विसरण्याकडे वळू, कारण विसरणं खोटं आहे असं म्हणायचं नाही. हॅरी बाह्रिक यांनी 1984 मध्ये शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकलेल्या 733 अमेरिकनांची परीक्षा घेतली; काहींचं शिक्षण सुटून पन्नास वर्षं झाली होती. पहिल्या तीन ते सहा वर्षांत बरंच गळून गेलं होतं. त्यानंतर मात्र जे उरलं ते पंचवीस-तीस वर्षं जवळजवळ तसंच राहिलं. किती उरणार हे मुळात किती वर्षं आणि किती खोल शिकलं यावर ठरत होतं. 1991 मध्ये त्यांनी लिंडा हॉल यांच्याबरोबर शाळेतल्या बीजगणिताची तशीच पाहणी केली. पुढे कॉलेजात कलनशास्त्र आणि त्यावरचं गणित शिकलेल्यांचं शाळेतलं बीजगणित पन्नास वर्षांनीही शाबूत होतं. ज्यांनी शाळेनंतर गणित सोडलं त्यांचं, शाळेत गुण चांगले असले तरी, झिजून गेलेलं. वरच्या गणितात खालचं बीजगणित रोज वापरावं लागतं, हे त्याचं कारण.

आपल्याकडे दहावीनंतर कला किंवा वाणिज्य शाखा घेतली की भौतिकी, रसायन, जीवशास्त्राशी संबंध संपतो. मतदान, घर, आजारपण, शेती, मुलांचं संगोपन हे सगळं त्यानंतर सुरू होतं. अमेरिकेत विज्ञान-साक्षरतेचा दीर्घकाळ मागोवा घेणारे जॉन मिलर यांच्या मोजणीत पुरेसे विज्ञान-साक्षर प्रौढ 1988 मध्ये 10 टक्के होते, 2008 मध्ये 28 टक्के. तिथल्या शालेय विज्ञानाची कीर्ती या काळात फारशी वाढलेली नव्हती. मिलर याचं मोठं श्रेय एका रुक्ष नियमाला देतात: तिथल्या कॉलेजात इतिहास किंवा हिशेब शिकणाऱ्यालाही निदान वर्षभर विज्ञानाचा एखादा सामान्य विषय घ्यावा लागतो. म्हणजे विशीत, डोकं जरा पिकल्यावर, तोच धडा दुसऱ्यांदा.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 आल्यापासून महाराष्ट्रातल्या पदवीच्या विद्यार्थ्यालाही आपल्या शाखेबाहेरचे काही विषय घ्यावे लागतात. वाणिज्यच्या मुलीला विज्ञान शिकवायची वाट त्यातून उघडी आहे. तिथे पुन्हा नववी-दहावीचे धडे लावले तर पैसे आणि वेळ दोन्ही जातील. औषधाच्या पाकिटावरची लाल रेघ काय सांगते आणि सर्दीला प्रतिजैविक का चालत नाही. काठीची सावली वर्षभर मोजली तर काय दिसतं. उसाचं वजन कुठून येतं. असे दहा-बारा प्रश्न, प्रत्येकाला दोन-तीन आठवडे, आणि आधी प्रत्येकानं आपलं उत्तर लिहून ठेवायचं, एवढा अभ्यासक्रम पुष्कळ झाला.

पहिला तास अगदी स्वस्तात होईल: टॉर्चमधला जुन्या पद्धतीचा एक बल्ब, एक सेल आणि वायरचा एकच तुकडा. बल्ब पेटवून दाखवायचा. बहुतेक जण वायरचं एक टोक सेलला आणि दुसरं बल्बच्या बुडाला लावतात आणि वाट पाहत बसतात. बल्बला जोडायच्या जागा दोन असतात, एक बुडाचा ठिपका आणि दुसरी बाजूची धातूची कडी. प्रवाह एकीतून आत जाऊन दुसरीतून बाहेर पडायला हवा. ठिपका सेलच्या एका टोकावर टेकवायचा आणि दुसऱ्या टोकाकडून आणलेली वायर कडीला लावायची, की झालं. घरात होल्डर हे काम गुपचूप करतो, म्हणून दुसरी जागा कोणाच्या लक्षातच येत नाही. हा तास आधी शिक्षकांसाठी ठेवावा, आणि त्यात कोणी कमीपणा मानू नये. ‘माइंड्स ऑफ अवर ओन’मध्ये एमआयटीच्या पदवीदानाला आलेल्या नव्या अभियंत्यांच्या हातात झगा अंगावर असतानाच हा बल्ब दिला होता, आणि त्यांतल्या अनेकांना तो पेटवता आला नाही.